करंट परत कुठून येतो?

अनेक उत्तम आशीर्वाद.

ड्राइव्ह डिझाइनचं, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या डिझाइनचं, काम मिळालं, हे वाचून मनापासून आनंद झाला. सिलिकॉन कार्बाइडच्या वेगवान स्विचचा अभ्यास आधी करू की मोटर कंट्रोलचा, असं तू विचारलं आहेस. दोन्ही करावं लागेल आणि काम करता करता ते होईलही. माझं सांगणं त्याच्या आधीचं आहे. कुठलंही सर्किट समोर आलं की करंट कुठे जातो हे सगळेच बघतात. तू तो परत कुठून येतो ते बघायची सवय लाव.

स्कीमॅटिकवर हा रस्ता दिसत नाही. तिथे ग्राउंडचं चिन्ह टाकलं की रेघ संपते. बोर्डावर मात्र करंटला कपॅसिटरपर्यंत परत यावंच लागतं, आणि जाण्यायेण्याच्या त्या वेटोळ्याचं (लूपचं) इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला होणारा विरोध, तुला भोवतं. आकडे मांडून बघ. आयजीबीटीने (नेहमीच्या सिलिकॉन स्विचने) १०० अँपिअर १०० नॅनोसेकंदांत तोडले आणि लूपमध्ये ४० नॅनोहेन्री असले, तर बसवर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी व्होल्टेजवर, ४० व्होल्टची भर पडते; चालून जातं. त्याच बोर्डावर सिलिकॉन कार्बाइडचा मॉसफेट स्विच बसवला आणि त्याने तेवढाच करंट २० नॅनोसेकंदांत तोडला, तर भर होते २०० व्होल्ट. स्कीमॅटिकमध्ये एक रेघही बदललेली नसते. म्हणून नवा डिव्हाइस घेताना जुना लेआउट तसाच ठेवू नकोस. प्लस आणि मायनसचे बसबार (धातूच्या पट्ट्या) पातळ इन्सुलेशन घालून एकावर एक ठेव, फिल्म कपॅसिटर स्विचच्या मॉड्यूलला अगदी लगटून बसव. गेट ड्रायव्हरची (स्विच चालू-बंद करणाऱ्या सर्किटची) परतीची वाट मॉड्यूलच्या ऑक्झिलरी सोर्स पिनवरूनच घे, नाहीतर मुख्य करंट त्यात लुडबुड करतो. लेआउट करणाऱ्याला फाइल पाठवून मोकळं होऊ नकोस. त्याच्या शेजारी बसून प्रत्येक लूप पडद्यावर बोटाने फिरवून दाखव. या कामातला हा सर्वांत मोलाचा वेळ आहे, असं माझं ठाम मत आहे.

मोजतानाही हेच. स्कोपच्या (ऑसिलोस्कोपच्या) प्रोबच्या ग्राउंडची लांब वायर आणि चिमटा हासुद्धा एक लूपच आहे आणि तो अँटेनासारखा वागतो. स्कोपवर गेटचं रिंगिंग, म्हणजे थरथरणारी लहर, दिसलं की लगेच गेट रेझिस्टर बदलायला धावू नकोस. आधी प्रोबचं टोक आणि त्याचं ग्राउंड दोन्ही एकाच बिंदूला लाव आणि कन्व्हर्टर स्विच होऊ दे. तिथे सरळ रेघ यायला हवी. तरीही रिंगिंग दिसलं, तर तेवढं तुझ्या मोजण्याचं आहे, सर्किटचं नाही. लांब वायर काढून टोकाजवळची स्प्रिंग लाव, वरच्या स्विचसाठी आयसोलेटेड प्रोब वापर. स्कोपची अर्थिंग तोडून तो ‘फ्लोट’ करायचा सल्ला कोणी दिला, तर सरळ नकार दे. स्कोपची बॉडी बसच्या व्होल्टेजवर जाते आणि तिला हात लावणारा माणूस मरू शकतो.

ड्राइव्हच्या टर्मिनलपाशी आपलं काम संपलं असं वाटतं, पण खरी गंमत पुढेच आहे. लांब केबलवर वेगवान पल्स परावर्तित होतात आणि मोटरच्या टर्मिनलवर बसच्या जवळजवळ दुप्पट व्होल्टेज दिसू शकतं. शिवाय प्रत्येक स्विचिंगला थोडा करंट वाइंडिंगमधून मोटरच्या बॉडीत झिरपतो आणि त्यालाही ड्राइव्हपर्यंत परत यायचं असतं. केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टन) दोन्ही टोकांना गोलाकार क्लॅम्पमध्ये पक्कं धरलं असेल, तर तो तिथून येतो. शील्ड पिळून त्याची शेपटी एका स्क्रूखाली दाबली असेल, तर उच्च फ्रीक्वेन्सीला तो रस्ता जवळजवळ बंद असतो. मग करंट मशीनच्या सांगाड्यातून, एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) केबलमधून, कधी बेअरिंगमधून वाट काढतो. ठिणग्यांनी खाल्लेलं बेअरिंग कापून बघायची संधी मिळाली तर सोडू नकोस. रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) शेजारी शेजारी उमटलेल्या आडव्या रेघा दिसतात, आणि त्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. एन्कोडरची मोजणी मध्येच चुकते अशी तक्रार आली, तर सॉफ्टवेअरवाल्यांकडे बोट दाखवण्याआधी पॅनेलमधलं शील्ड बघून ये.

परत येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ऊर्जा. भरलेली ट्रॉली थांबवली की मोटर जनरेटर होते. समोर साधा डायोड ब्रिज असेल तर ती ऊर्जा सप्लायमध्ये जाऊ शकत नाही आणि बस चढत जाते. ४०० व्होल्टच्या सप्लायवर एरवी ५६५ च्या आसपास असणारी बस ७५० ते ८०० पर्यंत गेली की ब्रेक चॉपर नावाचा स्विच ती जादा ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळतो. वर काढलेले २०० व्होल्ट या ८०० वर चढव, म्हणजे १२०० व्होल्टच्या डिव्हाइसची मार्जिन खरी किती उरते ते कळेल. त्यासाठी मशीनचं पूर्ण चक्र मागून घे: किती वजन, किती वेळात थांबतं, किती वेळा. उभ्या अक्षावर वजन नुसतं धरून ठेवलेलं असेल, तर मोटर स्थिर असते आणि जवळजवळ सगळा भार त्याच एक-दोन स्विचवर राहतो. सरासरी करंटवरून काढलेलं तापमान तिथे उपयोगाचं नाही.

बंद केलेल्या ड्राइव्हमध्येही १००० मायक्रोफॅरडची बस ५६५ व्होल्टला सुमारे १६० जूल धरून असते. पाटीवर लिहिलेली मिनिटं थांब आणि मग मीटरने मोजच. मीटर आधी आणि नंतर चालू सप्लायवर तपासून घे. कितीही घाई असली तरी.

पहिल्या काही महिन्यांत कमिशनिंगच्या (मशीन पहिल्यांदा सुरू करून देणाऱ्या) माणसांबरोबर साइटवर जायला स्वतःहून माग. जळून परत आलेले बोर्ड भंगारात जाण्याआधी टेबलावर घे आणि पहिला करंट कुठून शिरला असेल ते शोध. तुझा पहिला लेआउट फॅब्रिकेशनला जाण्याआधी मला पाठव. गेट ड्रायव्हरचा भाग आपण आधी बघू.