चाळीस मुलाखती झाल्या, आता सिद्धांत कुठून आणू?

ऊसतोड मजुरांच्या ४० मुलाखती टाइप होऊन पडल्या आहेत, पण त्यातून सिद्धांत निघत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते मुलाखती कमी पडलेल्या नाहीत. सगळ्या उरकल्यावर तुम्ही विचाराला बसलात, तिथे गाडी अडली.

बार्नी ग्लेसर आणि अँसेल्म स्ट्राउस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को भागातल्या हॉस्पिटलांत मरणाला टेकलेल्या पेशंटांचा अभ्यास केला. आपण जाणार हे पेशंटला कळलंय का, आणि त्यावरून नर्स-डॉक्टर कसे वागतात, हा विषय. वॉर्डांची निवड बघा. आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड, कारण तिथे पेशंटला कळण्याचा प्रश्नच नाही. मग न्यूरोसर्जरी, तिथे बरेचजण बेशुद्ध. पुढे आयसीयू, तिथे मरण झटपट येतं. नंतर कॅन्सर वॉर्ड, तिथे ते रेंगाळतं. हाती लागलेल्या कल्पनेला पुढे काय पडताळायचंय, यावर पुढचा वॉर्ड ठरे. माहिती गोळा करता करताच तिच्यातून सिद्धांत घडवण्याची ही पद्धत त्यांनी १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरी म्हणून मांडली.

त्यांना चार अवस्था सापडल्या: पेशंटला पत्ता नाही, त्याला संशय आहे, दोन्हीकडे ठाऊक असून दोघंही नसल्यासारखं वागतात, सगळं उघड आहे. तिसरीपाशी मी त्यांचं पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमचे आजोबा शेवटच्या महिन्यात म्हणायचे, "पाऊस सरला की गच्चीची गळती काढू." आई "हो अण्णा" म्हणून औषध पुढे करायची. दोघांनाही माहीत होतं. परक्या देशातल्या वॉर्डात घडलेली संकल्पना आमच्या माजघरात लागू पडली, तेव्हा सिद्धांत म्हणजे काय ते मला कळलं.

तुमच्या ४० मुलाखती टाकू नका. दोन-दोन शेजारी ठेवून वाचा. समजा, एकजण मुकादमाच्या उचलीला, म्हणजे हंगामाआधी मिळालेल्या आगाऊ पैशाला, "कर्ज" म्हणतो, दुसरा "आधार". का? फड वेगळा, मुकादम नात्यातला, की मागची उचल फिटलेली नाही? सुचेल ते तारीख घालून त्याच दिवशी वेगळ्या वहीत लिहा. त्या टिपणांतूनच सिद्धांत उभा राहतो, हे मी अनुभवाने सांगतो. मग ठरवून चार-पाच जणांकडेच परत जा: उचल न घेता आलेला, मुकादम बदललेला, नवऱ्याशिवाय, जोडी नसल्याने अर्धा कोयता म्हणून आलेली बाई. त्यांच्याकडून उचलीबद्दल नवं काही निघेनासं झालं की त्या मुद्द्यापुरतं थांबा.

तुमच्या संशोधनाच्या गाइडना आधी गृहीतक हवं असेल, तर ही वही घेऊनच त्यांच्यापुढे बसा.