लिव्हरचं ऑपरेशन आणि दुसऱ्याच दिवशी चालायचं?

प्रश्न : बाबा ६३ वर्षांचे आहेत. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय, म्हणून पुढच्या महिन्यात लिव्हरचा उजवा भाग काढणार आहेत. सर्जन म्हणाले रात्रभर कोरडं उपाशी ठेवणार नाही, दोन तास आधीपर्यंत गोड पेय देऊ, नंतर नाकात नळी ठेवणार नाही आणि दुसऱ्या दिवशी उठवून चालवू. आत्या म्हणते तिच्या पित्ताशयाच्या वेळी चार दिवस पाण्याचा थेंब दिला नव्हता, यांना बेड रिकामा करायची घाई आहे. खरं काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : आत्या खोटं बोलत नाहीयेत हो, तेव्हा तसंच चालायचं. पण १९९०च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट नावाच्या सर्जननी विचारायला सुरुवात केली की पेशंट इतके दिवस झोपून का राहतो, आणि त्यातून ही पद्धत आली, लिव्हरसाठी तर २०१६ साली वेगळ्या गाइडलाइन्स निघाल्या आणि २०२२ मध्ये त्या सुधारल्या. पाण्यासारखं पातळ पेय पोटातून दोन तासांत पुढे सरकतं, जेवण मात्र सहा तास आधी बंद, आणि दूध-चहा त्या पातळमध्ये मोजू नका.

चालणं म्हणजे फेरफटका नाही. आधी बेडच्या कडेला पाय सोडून बसवतात, चक्कर येते का बघतात, मग एका हातात सलाईनचा स्टँड आणि दुसरीकडे सिस्टर, असं दारापर्यंत. तेवढ्यानेच फुप्फुसं उघडतात आणि पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. खरी अडचण नातेवाईकांची असते, "बिचाऱ्यांना पडू द्या" म्हणत पांघरूण घालतात! दुखत असेल तर उठवायच्या आधीच सिस्टरला सांगा, दात-ओठ खाऊन चालायचं नाहीये. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. आणि पिशवीतली घरची पेनकिलर अजिबात देऊ नका, लिव्हर कापलेलं असताना साध्या पॅरासिटामॉलचा डोसही डॉक्टरच ठरवतात.

घरी सोडतात ते तारीख बघून नाही. बाबा खातायत, गोळ्यांवर दुखणं आटोक्यात आहे, स्वतः बाथरूमला जातायत, रक्ताचे रिपोर्ट सुधारतायत, हे सगळं जमलं की सोडतात. तसं वाटत नसेल तर बिनधास्त विचारा, तो तुमचा हक्क आहे. घरी आल्यावर ताप, डोळे पिवळे, पोट फुगणं किंवा बाबा असंबद्ध बोलायला लागले तर सकाळची वाट बघू नका.

हातात महिना आहे तो वाया घालवू नका. विडी-सिगारेट आणि दारू आजच बंद, ऑपरेशनच्या निदान चार आठवडे तरी आधी ती बंद व्हायलाच हवीत. रोज चालवा, ताटात अंडं, उसळ, पिठलं वाढवा, आणि तीन बॉलचं ते फुंकणीसारखं यंत्र आत्ताच आणा, फक्त त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, ऑपरेशननंतर पोट दुखत असताना नव्याने शिकणं जड जातं. बाबांना शुगर आहे का ते पत्रात लिहिलं नाहीत, असेल तर त्या गोड पेयाचं भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.