'कॅच', 'कॉट' आणि दाराचं लॅच

ऐरोलीच्या एका वाचकांचे दोन प्रश्न: 'ट्रेन कॅच केली' म्हणावं की 'गाडी पकडली'? आणि लेकीने वहीत 'कॅच्ड' लिहिलं ते चूक कसं, 'कॉट'च का?

गाडी पकडली म्हणा. 'मी तुला लंचनंतर कॅच करते' हे तर हल्ली रोज कानावर आदळतं. अहो, समोरचा पळून चाललाय का? भेटते म्हणा, गाठते म्हणा! चेंडू, चोर, सर्दी हे अर्थ शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत, ते सोडतो.

खरी गंमत 'कॉट'मध्ये आहे. 'कॅच' इंग्रजीचं घरचं नव्हेच. घेणे या अर्थाचं लॅटिन 'कापेरे' हे त्याचं मूळ. त्याच वंशातलं एक क्रियापद उत्तर फ्रान्सच्या बोलीत 'क'ने सुरू व्हायचं, पॅरिसकडे 'च'ने. दोन्ही रूपं इंग्लंडात पोचली आणि त्यांचे 'कॅच' आणि 'चेस' झाले. सख्खी भावंडं! सुरुवातीला 'कॅच'चाही अर्थ पाठलाग करणे असाच होता. पुढे वाटणी झाली, धावायचं एकाने आणि धरायचं दुसऱ्याने. रबाळे-महाप्याच्या कारखान्यांतल्या 'परचेस' खात्यातही हाच 'चेस' लपलाय.

आता फ्रेंचमधून आलेली क्रियापदं भूतकाळात बहुतेक मुकाट्याने 'एड' लावून घेतात. 'कॅच'ने तसं का केलं नाही? कारण पकडणे याच अर्थाचं इंग्रजीचं स्वतःचं जुनं क्रियापद होतं, 'लॅच'. त्याचा भूतकाळ 'कॉट'च्या वळणाचा. अर्थ तोच, यमकही जुळलेलं. पाहुण्याने यजमानाचा भूतकाळ उचलला. 'कॅच्ड'ही कित्येक शतकं छापलं जात होतं, तेव्हा लेकीला फार रागावू नका. यजमान 'लॅच' मात्र व्यवहारातून उठलं आणि उरलं दाराला. कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर यावं, वाऱ्याने दार लागावं, खट्, चावी आत! मग शेजारच्या काकूंकडे बसून चावीवाल्याची वाट पाहायची. ते 'खट्' म्हणजे 'कॉट'चा पूर्वज. व्याकरणाच्या गाइडांत मात्र 'अपवाद, पाठ करा' एवढंच.

काही शुद्धलेखनवीर सांगतात, 'गाडी पकडणे' हे इंग्रजीचं भाषांतर, 'गाडी गाठणे' हेच शुद्ध. मला हे मुळीच मान्य नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. त्याआधी बैलगाडी माणसासाठी थांबायची. घड्याळावर निघून जाणारं वाहन आलं आणि त्याला धरायला क्रियापद लागलं, असा माझा दावा आहे. शिवाय 'गाठली' म्हणजे सुटायच्या आत पोचलो. 'पकडली' म्हणजे स्लो गाडीतून उतरून, पूल ओलांडून, ठाण्याच्या दहा नंबरवर सुटत्या पनवेल गाडीच्या दारातला दांडा हाताला लागला. (असं करू नका, शब्दार्थ सांगतोय.)

आणि मराठी 'पकडणे' काय इंग्रजीच्या जिवावर जगतं? पाऊस जोर पकडतो, गाडी वेग पकडते. 'रविवार पकडून चार दिवस सुट्टी' यातलं 'पकडून' कुठल्या इंग्रजीतून आलं, ते या वीरांनी एकदा सांगावं.