एलएसयूचा २०१९चा फुटबॉल संघ बचाव कच्चा असूनही १५-० कसा गेला?

प्रश्नातले "बचाव कच्चा असूनही" हे तीन शब्द खटकले, म्हणून लिहितोय. एलएसयू म्हणजे लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, खेळ अमेरिकन फुटबॉल आणि १५-० म्हणजे पंधरा विजय, एकही पराभव नाही. "बचावच विजेतेपद मिळवून देतो" हे पालुपद आळवणाऱ्यांशी माझी हुज्जत जुनी आहे. त्यांना एलएसयूचाच २०११चा हंगाम आठवावा. नोव्हेंबरात अलाबामाला ९-६ असं हरवलं तेव्हा बचावाचे गोडवे गायले गेले. मग विजेतेपदाच्या सामन्यात त्याच अलाबामाने न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये २१-० असा धुव्वा उडवला. सबंध सामन्यात एलएसयूने मध्यरेषा एकदाच ओलांडली. बचाव तेव्हा अव्वलच होता की!

आता २०१९. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरो आदल्या वर्षीचाच. २०१८मध्ये त्याचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले, टचडाउन (सहा गुणांचा स्कोअर) १६. पुढच्या वर्षी ७६.३ टक्के, ५,६७१ यार्ड आणि ६० टचडाउन. वर्षभरात कुणाचा हात एवढा बदलत नाही. बदलली ती मांडणी. सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेला जो ब्रेडी आणि आक्रमणाचा समन्वयक स्टीव्ह एन्समिंगर यांनी पास झेलू शकणाऱ्या पाचही जणांना पाससाठी पुढे धाडायला सुरुवात केली. मागे अडवायला फक्त पाच लाइनमन.

यातली खोच बघा. मैदानात एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), तीन रिसीव्हर (झेलणारे), म्हणजे अगदी नेहमीचा संच. आक्रमणाने खेळाडू बदलले नाहीत तर बचावालाही बदलायला सवड मिळत नाही. मग रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरला स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) पार कडेला न्यायचं. त्याच्यामागे लाइनबॅकर (मधला बचावपटू) गेला तर बहुधा मॅन कव्हरेज (प्रत्येकाचा माणूस ठरलेला), जागचा हलला नाही तर बहुधा झोन (प्रत्येकाची जागा ठरलेली). बरोला निम्मं उत्तर चेंडू हातात येण्याआधीच मिळायचं. धोका एकच: सहावा माणूस धावून आला तर त्याला अडवायला कुणी नाही, तो क्वार्टरबॅकचा. त्यावर उपाय म्हणजे तो जिथून निघाला त्या रिकाम्या जागेत ताबडतोब चेंडू टाकायचा. उशीर झाला की सॅक, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा.

७ सप्टेंबरचा टेक्ससविरुद्धचा ऑस्टिनमधला सामना यासाठीच बघायचा. एलएसयू ३७-३१ पुढे, अडीच मिनिटांच्या आसपास बाकी, स्वतःच्या ३९ यार्डवर तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आणि अजून १७ यार्ड गाठायचे. बचाववादी प्रशिक्षक इथे काय करतो? धाव घेतो, घड्याळ पळवतो, पंट करतो (लाथेने चेंडू लांब, प्रतिस्पर्ध्याकडे) आणि "आता तुम्ही सांभाळा" म्हणून बचावाकडे बघतो. बचावाने तोवर ३१ गुण दिलेले, आघाडी फक्त सहाची. एका टचडाउनने आणि पुढच्या एका गुणाच्या किकने सामना गेला असता. एलएसयूने पास निवडला. टेक्ससने दबाव आणला, बरो त्यातून सरकला आणि रिसीव्हर जस्टिन जेफरसनला चेंडू दिला. ६१ यार्ड, टचडाउन, वर किकऐवजी दोन गुणांचं कन्व्हर्जन. टेक्ससने नंतर आणखी एक टचडाउन केलं, तरी निकाल ४५-३८. लोक याला धाडस म्हणतात. माझ्या मते तो साधा हिशोब होता.

ही मांडणी अडत नव्हती असं नाही. ऑबर्नने तीनच माणसं पुढे ठेवून आठ मागे सोडली. आठ जणांमधून पासच्या फटी बुजतात, थांबून वाट बघावी लागते. त्यावर औषध म्हणजे धाव, कारण पुढे माणसंच कमी असतात. तो सामना २३-२०ने जेमतेम सुटला. अंतिम सामन्यात क्लेमसननेही आधी गोंधळात टाकलं, एलएसयूच्या पहिल्या तिन्ही चढाया पंटवर संपल्या. पण रिसीव्हर जमार चेसला एकट्या कॉर्नरवर (कडेच्या बचावपटूवर) सोडणं महागात पडलं: ९ झेल, २२१ यार्ड, २ टचडाउन. १७-७ अशी पिछाडी होती, निकाल ४२-२५. मैदान तेच सुपरडोम.

हां, एक कबूल करायला हवं. ओल मिसला ३७ आणि व्हँडरबिल्टला ३८ गुण देणारा बचाव शेवटी सावरला होता. टेक्सस ए अँड एमला ७ आणि जॉर्जियाला १० गुणांवर रोखलं ते त्यानेच. म्हणजे "कच्चा" हा शब्द नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच खरा.

आणि हे कुणी सहज उचलून आपल्या संघात बसवेल असंही नाही. पाच लाइनमनना एकेकट्याने माणूस अडवता आला पाहिजे. एलएसयूच्या लाइनला त्या वर्षीचा सर्वोत्तम लाइनसाठीचा जो मूर पुरस्कार मिळाला होता. शिवाय क्वार्टरबॅकला स्नॅपआधी बचावाच्या माणसांची मोजणी जमली पाहिजे. ब्रेडी आणि बरो दोघेही त्यानंतर संघ सोडून गेले, चेस पुढचा हंगाम खेळलाच नाही. २०२०मध्ये एलएसयू ५-५, पाच विजय आणि पाच पराभव.