नाताळात मुलांसोबत घरच्या घरी काय काय करता? (एका वसईकर बापाचं उत्तर)

तुम्ही विचारलंय की मुलं ५ आणि ८ वर्षांची आहेत, दरवर्षी मॉलमधलं झाड बघणं आणि सांतासोबत फोटो एवढ्यातच नाताळ आटपतो, तर कमी खर्चात घरी काय करता येईल, आणि ज्यांच्याकडे पूर्वापार नाताळ असतो ते लोक नेमकं काय करतात.

आम्ही वसईचे. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते इथे, तेव्हापासूनचा आमच्याकडे नाताळ, पण भाषा मराठीच, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तीसुद्धा मराठीतच होते (आजीच्या लहानपणी लॅटिनमध्ये असायची, कुणाला एक अक्षर कळायचं नाही, तरी ती पाठ म्हणायची). बायको नगरची, प्रोटेस्टंट, तिच्या माहेरी नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि पेटी-तबल्यावर भजनं. त्यामुळे आमच्या घरात दोन्हीची खिचडी आहे. पोरं दोन, मुलगी ११ ची, मुलगा ७ चा.

पहिली गोष्ट, २४ तारखेला सुरुवात करू नका हो. त्या दिवशी सगळं करायला गेलं की आईबाप चिडचिडे होतात आणि पोरं मोबाईल घेऊन बसतात. आमच्यात नाताळाच्या आधीचे चार रविवार आगमनकाळ असतो, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. जांभळ्या मेणबत्त्या आमच्या बाजारात मिळाल्या नाहीत तेव्हा पांढऱ्यांनाच जांभळी रिबीन बांधली, काही बिघडलं नाही. भांडण फक्त एकच, फुंकर कोण मारणार. तर सांगायचं एवढंच की काम चार आठवड्यांवर पसरवा.

आता गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. माझ्या मते झाडापेक्षा गोठा हजार पटीने बरा, कारण झाड आणलं, लावलं, संपलं, गोठ्यात मात्र रोज काहीतरी करायला असतं. ही प्रथाही जुनी आहे, असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल आणि खरं गाढव उभं करून ख्रिस्तजन्माचा देखावा केला होता. हे मी पोरांना सांगितलं ती माझी चूक, मुलगा दोन दिवस खरं गाढव कुठे मिळतं ते विचारत फिरत होता.

आमचा गोठा मिक्सरच्या खोक्याचा आहे. डोंगर करायला सिमेंटच्या गोणीचा खाकी कागद पूर्वी वापरायचे, तो चुरगाळायचा, परत उघडायचा, त्यावर गेरू आणि हिरवा रंग ब्रशने शिंपडायचा की अगदी खडक दिसतो. आता गोण्या प्लॅस्टिकच्या येतात म्हणून जाड ब्राऊन पेपर घेतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे शाडूचा गणपती घरीच करतात, उरलेली माती त्या आमच्यासाठी ओल्या फडक्यात बांधून ठेवतात, तिच्यातून पोरं जनावरं करतात. आमच्या गोठ्यात बैल नाही, म्हैस आहे. पेंढा आणायला तबेल्यात गेलो होतो, तिथे सगळ्या म्हशीच, तर मुलीने जे बघितलं ते केलं. पाण्यासाठी आरशाचा तुकडा ठेवतो, त्याला आमच्यात बावखल म्हणतात, वसईच्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची तळी असायची ती, माझ्या लहानपणी आम्ही त्यातच पोहायला शिकलो, आता बरीच बुजवली. बेथलेहेमला बावखल नव्हतं हे मला माहितीये. गेल्या वर्षी मुलाने काडेपेट्या जोडून विरार लोकलपण लावली गोठ्याच्या मागून, मी काही बोललो नाही, दारात लोंबकळणारी माणसं त्याने इतकी बरोबर काढली होती.

हिरवळीसाठी गहू किंवा नाचणी पेरतात. साधारण १४-१५ तारखेला गहू रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी नारळाच्या करवंट्यांमध्ये माती घालून पसरा, दोन दिवस टोपलीखाली झाकून ठेवा, मग उजेडात, रोज हाताने पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. नाताळापर्यंत चांगली चार-पाच बोटं वाढते. आमच्या काकूंनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगंबाई, तुमच्यात पण घट बसतात?" ५ वर्षांच्या मुलाला हे काम एकदम परफेक्ट, रोज सकाळी उठून आधी करवंटी बघायला पळतात.

आणि गव्हाणीतल्या काड्या. गव्हाण आधी रिकामी ठेवायची, मुलाने दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं की रात्री त्याने पेंढ्याची एक काडी आत ठेवायची, म्हणजे बाळ येशू येईपर्यंत अंथरूण मऊ होतं. ऐकायला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात आमच्या चिरंजीवांनी दुसऱ्याच दिवशी मूठभर पेंढा कोंबला, का तर म्हणे आजीला चार वेळा पाणी दिलं आणि उरलेल्या उद्याच्या ॲडव्हान्समध्ये. मग ताईने हिशेब मागितला, मग रडारड. एक वर्ष मी वही घालून नोंद ठेवायचा शहाणपणा केला, तर घराचं कोर्ट झालं, रोज रात्री तारीख. तेव्हापासून ठरवलं की कोण किती काड्या टाकतो ते बघायचंच नाही. तुम्हीही बघू नका. जास्त पेंढा झाला तर झाला, बाळाला ऊब.

गोठ्याचा एक नियम मात्र आम्ही कडक पाळतो, २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत बाळ ठेवायचं नाही. मरिया, योसेफ, मेंढपाळ, म्हैस, सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे. आणि याच नियमापायी चार वर्षांपूर्वी आमची फजिती झाली. रात्रीच्या मिस्सेला निघायचं, नवीन कपडे घातलेले, स्वेटर-चटया काढलेल्या (आमच्या गावात मिस्सा मैदानात असते, लहान पोरं अर्ध्या मिस्सेत चटईवर आडवी होतात), आणि बाळाची मूर्ती सापडेना. मीच कुठेतरी "नीट" ठेवली होती, जागा आठवेना. कपाट झालं, माळा झाला, बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ते लिहीत नाही. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, तो भोकाड पसरून बसला की बाळ येणारच नाही. शेवटी मुलीने डब्यातली भुईमुगाची शेंग काढली, स्केचपेनने दोन डोळे आणि तोंड काढलं, कापसात गुंडाळून ठेवली गव्हाणीत. दिसत होतं अगदी दुपट्यातलं बाळ. शेंगेला मध्ये कंबर असते ना, त्यामुळे डोकं आणि अंग आपोआप वेगळं दिसतं.

मूर्ती नंतर मार्चमध्ये सापडली, माझ्या इस्त्रीच्या शर्टांखाली. पण पुढच्या डिसेंबरला मी ती काढली तर दोघंही म्हणाले, ही नको, आपलं बाळ शेंगेचं असतं. झालं, प्रथा पडली.

आता तारा. बाहेर तयार मिळतो, पण एकदा तरी घरी कराच, मुलगा ८ चा आहे तर नक्की जमेल. दिवाळीचा कंदील ज्यांनी केलाय त्यांना तर काहीच नाही. एकाच लांबीच्या १० कामट्या घ्या, दीड फुटाच्या वगैरे. पाच कामट्यांची एक चांदणी, आपण हात न उचलता पाच रेघांत काढतो ना तशी, जिथे एकमेकींवरून जातात तिथे दोऱ्याने बांधायची. अशा दोन करायच्या. दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा, आणि मधल्या ज्या पाच फुल्या आहेत तिथे चार-पाच इंचाच्या पाच छोट्या काड्या आत उभ्या अडकवा, की तारा पोटातून फुगतो. खरी गंमत तो फुगतो तेव्हाची आहे, पोरं ओरडतातच. मग पतंगाचा कागद, आणि चिकटवायला मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घालायचे पूर्वी पण ते विष आहे, मुलं असताना नको, त्याऐवजी खळ ताजी करा. मागचा एक त्रिकोण उघडा ठेवा, तिथून बल्ब आत सोडायला. बल्ब एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापून कागद जळतो. माझ्या बापाने आत मेणबत्ती लावलेला तारा अंगणात कसा पेटला हे आमच्याकडे दरवर्षी सांगितलं जातं, दरवर्षी ज्वाळा फूटभर वाढतात.

पहिल्या वर्षी तारा मीच केला, मुलीला नुसता दोरा धरायला ठेवलं, तिला कंटाळा आला, उठून गेली. दुसऱ्या वर्षी कामट्या तिच्या हातात दिल्या आणि मी दोरा धरला. तो तारा इतका वाकडा झाला की माझी आई म्हणाली, हा तारा आहे की खेकडा. पण महिनाभर गॅलरीत लटकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिने तो हात धरून दाखवला.

खाण्यात पोरांसोबत करायचं तर कलकल. अर्धा किलो मैदा, मूठभर बारीक रवा, दोन-तीन चमचे तुपाचं कडकडीत मोहन, वाटीभर पिठीसाखर, चिमूट मीठ, आणि नारळाच्या घट्ट दुधात मळायचं, शंकरपाळ्याच्या पिठाइतपत. तासभर झाकून ठेवा. मग सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि तशीच गुंडाळत उचलायची, की शंखासारखी रेघारेघांची वळकटी होते. काटे कमी पडले तर नवा कंगवा, आमच्याकडे त्यासाठी वेगळे दोन ठेवलेत, कुणी डोक्याला लावले की आजीचा पट्टा सुटतो. हे एकट्याचं काम नाहीच, अर्ध्या किलोचे ढीगभर होतात, परातीभोवती सगळे बसल्याशिवाय संपत नाही, म्हणूनच ते मुलांना आवडतं. तळण मात्र मोठ्यांनीच, मंद आचेवर, झारा सतत फिरवत. शेवट मिटवताना नीट दाबला नाही तर तेलात उघडतात, चवीला तेच, खाऊन टाकायचे. बायको सोबत नगरच्या पद्धतीच्या करंज्या करते, त्यातही पोरांना फिरकी फिरवायला मिळते. इंद्याल (मसालेदार मटणाचा प्रकार) आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) हे मोठ्यांचं खातं, त्यात शिरत नाही, तो वेगळा प्रश्न टाका, तीन पानं लिहीन.

ताटं वाटायला पोरांनाच पाठवा. दिवाळीत काकूंकडून फराळाचं ताट येतं ते आमच्याकडेच थांबतं, नाताळाला भरून वर जातं, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून. मुलाची हल्ली तक्रार आहे की आपण चकली घेतो आणि कलकल देतो, यात काकूंचा तोटा आहे.

सांताबद्दल मला फार प्रेम नाही, खरं सांगतो. गावात नाताळगीतं गात पोरं फिरतात तेव्हा एक जण कापसाची दाढी लावून असतो, लिमलेटच्या गोळ्या वाटतो, तेवढा पुरतो. तुमच्या ८ वर्षांच्याला बहुतेक सगळं कळलेलंच असेल आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो गप्प असेल.

२५ नंतर संपवू नका मात्र. बाळ येशूला भेटायला दुरून आलेले तीन राजे आमच्याकडे २५ ला गोठ्यात नसतात, ते चपलांच्या रॅकवरून निघतात. रोज रात्री पोरांनी त्यांना थोडं पुढे सरकवायचं, टीव्हीचं टेबल, फ्रिज, खिडकी असं करत ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठ्यात पोचायचं. एक राजा वाटेत पडून मोडला, त्याच्याजागी लुडोतली पिवळी सोंगटी चालतेय. आणि ३१ ला म्हातारा, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा: जुनी पँट-शर्ट, आत पेंढा आणि कागद, मडक्याचं तोंड, बिल्डिंगमधली सगळी पोरं मिळून करतात आणि रात्री १२ ला जाळतात. फटाके आत भरायला मी बंदी घातलीय, मोठी पोरं तरी भरतातच, तेव्हा लांब उभे राहा.

६ जानेवारीला गोठा उतरवतो. त्या पहिल्या वर्षी खोक्यात सामान भरताना शेंग दिसेना, तर मुलगा कोपऱ्यात बसून टरफलं सोलत होता. माझ्या आईने आधी क्रूसाची खूण केली आणि मग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणून आता दरवर्षी नवी शेंग लागते. यंदा दोन दाण्यांची घ्यायची की तीन, यावर आत्तापासून वाद सुरू आहेत, मुलगी म्हणते दोनच, मुलगा म्हणतो तीन, कारण मग सहा तारखेला एक जास्त मिळतो.