बाहेर एवढी ठाम, मग घरात गयावया का?

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत तिने फोन माझ्यापुढे धरला. नवऱ्याला रात्री पावणेदोनला पाठवलेला मेसेज होता. मी बोटाने वर सरकवत राहिले तरी संपेना. आधी तक्रार, मग तक्रार केल्याबद्दल माफी, मग ‘माफी मागितल्याचाही तुला राग आला असेल तर सॉरी’. खाली ब्लू टिक आलेली. उत्तर नाही. त्याखाली सकाळी सातचा पुन्हा तिचाच मेसेज : ‘डबा ओट्यावर ठेवलाय.’

इथे तिला मृदुला म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला तिची संमती आहे. वय छत्तीस, पुण्यात स्पॅनिश शिकवते. क्लासमध्ये तिचा शब्द चालतो. फी बुडवणाऱ्या पालकांशी, दुप्पट भाडं मागणाऱ्या घरमालकाशी ती न अडखळता बोलते.

“मॅडम, मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते, कुणापुढे वाकू नका. आणि घरी मी ही अशी. मी ढोंगी आहे का हो?”

हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा येतो. बँकेतल्या अधिकारी बाई विचारतात, मुख्याध्यापिका विचारतात, मागे एका डॉक्टरणीने विचारला होता. शब्द वेगळे असतात, लाज एकच असते. आणि ती लाज मूळ दुखण्यापेक्षा जास्त त्रास देते, कारण तिच्यापायी बाई कुणाला काही सांगत नाही.

आधी मी विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. त्याची भीती वाटते का, कधी हात उचललाय का, पैसे कुणाच्या ताब्यात आहेत, जीव नकोसा होतो का. यातल्या एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं असतं, तर आमचं पुढचं काम अगदी वेगळ्या वाटेने गेलं असतं. तसं नव्हतं. नवरा मारझोड करणारा नव्हता, गप्प होणारा होता. तीन-तीन, चार-चार दिवस.

तिसऱ्या भेटीला ती एक पुस्तक घेऊन आली. जुन्या विद्यार्थ्याने मेक्सिकोहून आणलेलं. ‘कार्तास आ रिकार्दो’, म्हणजे रिकार्दोला लिहिलेली पत्रं. लिहिणारी रोसारियो कास्तेयानोस, मेक्सिकोची कवयित्री, नाटककार, कादंबरीकार. “हिच्या कविता मी वर्गात शिकवते,” मृदुला म्हणाली, “आणि ही पत्रं वाचून मला हिचीच चीड आली. एवढी मोठी बाई, आणि त्याच्या एका ओळीसाठी असं लिहिते? मग तिचं बाकीचं लिखाण खोटंच म्हणायचं का?”

मला स्पॅनिश येत नाही. पुढचे काही आठवडे ती मला त्यातले उतारे मराठीत सांगत गेली, आणि रोसारियोबद्दल हाती लागेल ते मीही वाचत गेले.

रोसारियोचा जन्म १९२५चा. मेक्सिकोच्या दक्षिणेला, ग्वातेमालाच्या सीमेला लागून चियापास प्रांत आहे, तिथल्या कोमितान गावात ती वाढली. घर जमीनदाराचं. राबायला माया वंशाचे आदिवासी आणि लहान रोसारियोशी खेळायला त्यांच्यातलीच एक मुलगी. रोसारियोला एक धाकटा भाऊ होता. असं सांगतात की आईच्या ओळखीच्या एका बाईने भाकीत केलं, या दोन मुलांपैकी एक जाणार. आईच्या तोंडून निघालं, “मुलगा जायला नको!” भाऊ खरंच लहानपणी गेला. आईवडील दुःखात असे बुडाले की घरात एक मुलगी अजून आहे याचं त्यांना भान उरलं नाही. तिच्या १९५७च्या ‘बालून कानान’ या कादंबरीतही मुलगा मरतो, बहीण मागे राहते.

त्या घरात मुलीने लक्ष मिळवायचं कसं? मोठ्याने मागून मिळत नसेल, तर शहाणी होऊन, कमीत कमी जागा व्यापून. निदान मला तरी पत्रांमागे ही मुलगी दिसते.

पत्रं सुरू होतात १९५०मध्ये. रोसारियो पंचविशीची. दोनच वर्षांपूर्वी आई आणि वडील दोघेही पाठोपाठ गेलेले. १९५०मध्येच तिने मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्रबंध पुरा केला. विषय काय, तर स्त्रियांची अशी वेगळी संस्कृती असते का! रिकार्दो गेर्रा हाही तत्त्वज्ञानाचाच. ती शिष्यवृत्तीवर माद्रिदला गेली, तिथून लिहीत राहिली. त्याला ती ‘लाडक्या मुला गेर्रा’ असं म्हणते. त्याचं पत्र आलं नाही की ती अस्वस्थ होते आणि दोष स्वतःकडे घेते. मध्ये तो दुसरीशी लग्न करतो, त्याला मुलं होतात. पत्रं थांबतात, पुन्हा सुरू होतात. १९५८मध्ये या दोघांचं लग्न होतं. गर्भपात होतात, एक मुलगी जन्मानंतर लगेच जाते, १९६१मध्ये मुलगा होतो. याच वर्षांत तिला नैराश्यासाठी उपचार घ्यावे लागतात. झोपेच्या गोळीवर तिची एक कविताच आहे. शेवटची पत्रं १९६६-६७ची, अमेरिकेतल्या विद्यापीठांत ती शिकवायला गेली तेव्हाची. पुढे घटस्फोट झाला.

पुस्तकात फक्त तिचीच पत्रं आहेत, त्याची उत्तरं नाहीत. म्हणून रिकार्दो माणूस कसा होता यावर मी मृदुलाशी बोलायचं टाळलं. माझ्या खोलीतही बहुतेक वेळा एकच बाजू येते, आणि न आलेल्या माणसाचा निवाडा करायचा मोह मला आवरावा लागतो.

मृदुलाच्या प्रश्नाला मात्र मला उत्तर द्यायचं होतं. मी तिला तारखा मांडायला सांगितल्या. एका कागदावर डावीकडे पत्रं, उजवीकडे कामं. १९५६-५७मध्ये रोसारियो चियापासमध्ये परत येऊन आदिवासींसाठीच्या सरकारी संस्थेत बाहुल्यांच्या नाटकाचं काम करत होती. पेतुल नावाची बाहुली, तिच्यासाठी संहिता रोसारियोच्या. बाहुली खेडोपाडी जाऊन त्सोत्सिल आणि त्सेल्ताल भाषांत लस टोचून घ्यायला सांगायची. ‘बालून कानान’ त्याच काळातली. १९६२ची कादंबरी चियापासमधल्या आदिवासींच्या उठावावरची, ती तर लग्नानंतरची, आजारपणांच्या मधली. आणि १५ फेब्रुवारी १९७१ला मेक्सिको सिटीच्या मानवशास्त्र संग्रहालयात राष्ट्राध्यक्षांसमोर तिने भाषण केलं. मेक्सिकन बाईचा सर्वांत मोठा गुण म्हणून ज्याचं कौतुक होतं तो आत्मत्याग, स्वतःला पुसून टाकणं, त्याला ती भर सभेत वेडा सद्गुण म्हणाली.

“कोणत्या बाईला हे बोलता आलं असतं?” मी विचारलं. “जिने स्वतःला कधी पुसलंच नाही, तिला?”

मृदुला कागदाकडे बघत राहिली. मग तिने डाव्या आणि उजव्या बाजूमधली उभी रेघ खोडरबराने पुसली. मी सुचवलं नव्हतं.

गयावया करणारी आणि ठाम बोलणारी, या दोन बायका नसतात. एकच असते. बाहेर घरमालकाने ‘नाही’ म्हटलं तर मृदुलाचं फार तर भाडं वाढतं. घरात नवरा गप्प झाला की तिच्या आत कुणीतरी सहा वर्षांचं घाबरतं. धोका वेगळा, म्हणून वागणं वेगळं. यात ढोंग कुठे आलं?

सहा वर्षांचं हे मी उगाच म्हणत नाही. तिच्या माहेरी अबोला चालायचा. वडील रुसले की आठवडा आठवडा बोलत नसत. आई हिच्या हातात चिठ्ठी द्यायची : ‘जेवायला वाढू का?’ ही पोर चिठ्ठी घेऊन बाहेरच्या खोलीत जायची. वडील पेपर खाली करायचे नाहीत. ही तशीच उभी राहायची. फ्रॉकच्या खिशात चिठ्ठी घडी घालून, उलगडून मऊ झालेली असायची, आणि ताटं उघडीच पडलेली.

“म्हणजे मी अजून चिठ्ठीच नेतेय,” ती म्हणाली.

नवरा एकदाच आला. अवघडून बसला होता. म्हणाला, “मॅडम, एवढं लांब लिहिते, मी कुठल्या वाक्याला उत्तर देऊ? काही म्हटलं तरी चुकणार. म्हणून मग नाहीच लिहीत.” हे मी अनेक जोडप्यांत बघते. एक मागे लागतो, दुसरा आक्रसतो, तो आक्रसतो म्हणून पहिला आणखी मागे लागतो. मेसेजची लांबी आणि शांतता एकमेकांना खतपाणी घालतात. पण मी त्यालाही सांगितलं की चार दिवस न बोलणं म्हणजे नुसतं गप्प राहणं नव्हे, समोरच्याला त्याची शिक्षा होते. ‘आत्ता सुचत नाही, रात्री बोलू’ एवढं म्हणायला कुणाचीच हरकत नसते. तो पुन्हा आला नाही. मध्ये दोन-तीनदा असं म्हणाला मात्र, आणि त्यातल्या एका रात्री खरंच बोलला.

मृदुलासाठी मी जे सुचवलं ते रोसारियोवरूनच सुचलं. तिचं शेवटचं नाटक एका ब्यूटी पार्लरमध्ये घडतं. लग्नाच्या दिवशी केस करून घ्यायला आलेली लुपिता ड्रायरखाली बसते, त्या ड्रायरमध्ये स्वप्नं पाडणारं यंत्र बसवलेलं असतं, आणि तिला तिचं पुढचं आयुष्य दिसायला लागतं. पुढे मेक्सिकोच्या इतिहासातल्या बायका एकेक करून येतात आणि आपली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगतात. इस्रायलमध्ये राजदूत असताना तिने हे लिहिलं. १९७४च्या ऑगस्टमध्ये तेल अवीवला विजेच्या धक्क्याने ती गेली, एकोणपन्नासाव्या वर्षी, आणि नाटक मागाहून छापलं गेलं. पत्रं तर ती गेल्यावर वीस वर्षांनी, १९९४मध्ये.

पत्रात एकटाच माणूस बोलतो. नाटकात दुसऱ्यालाही वाक्य द्यावं लागतं. म्हणून मी म्हटलं, रात्री मेसेज लिहावासा वाटला तर लिही, पण प्रवेश म्हणून. त्याचं वाक्य काय, तुझं काय, कोण उठून आत जातं. फोनवर नको, वहीत. आणि सकाळपर्यंत पाठवायचं काहीच नाही.

पहिले प्रवेश जमले नाहीत. नवऱ्याच्या तोंडी ती आपल्याला हवी तीच वाक्यं घालत होती, तिच्याच लक्षात आलं. काही रात्री तिने वही बाजूला टाकून मेसेज पाठवलेच. एकदा तर सलग नऊ. मग एके दिवशी ती म्हणाली, आज वेगळाच प्रवेश आणलाय. तीन पात्रं : आई, बाबा, मुलगी.

दोघींनी मिळून वाचायचं ठरलं. बाबांची वाक्यं माझ्याकडे. आई चिठ्ठी देते. मुलगी म्हणते, “मी नाही नेणार. तू विचार ना.” आई गप्प. मुलगी स्वतःच बाहेरच्या खोलीत जाते, विचारते, “बाबा, जेवायला येताय?” पुढे माझी ओळ होती. वहीत तिथे कोरी जागा.

“इथे काय म्हणू?” मी विचारलं.

“काही नाही. इथे बाबा बोलत नाहीत.” तिने पान उलटलं. “पण पुढे बघा, मुलगी आत आलीये आणि तिने स्वतःचं ताट वाढून घेतलंय.”