चौक 'काढला' की 'लिहिला'?

प्रश्न असा आहे. पालघर जिल्ह्यातल्या एका वारली आजींच्या आठवणी ध्वनिमुद्रित झाल्या आहेत आणि आता त्या कागदावर उतरवणं चाललंय. लग्नाच्या आठवणीत आजी म्हणतात की सवाशिणींनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौरस भित्तिचित्र, 'लिहिला', मग 'धवलेरी' आली. मजकूर तपासणाऱ्यांनी 'लिहिला'चं 'काढला' केलं आणि 'धवलेरी'च्या जागी 'पुरोहित स्त्री' घातलं. हे योग्य आहे का?

नाही. दोन्ही दुरुस्त्या मागे घ्या.

आधी 'लिहिणे' बघू. संस्कृतातल्या 'लिख्'चा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे. रेखा आणि लेखा या सख्ख्या बहिणी. 'आलेख्य' म्हणजे चित्र. उषेची सखी चित्रलेखा, तिने एकेका राजपुत्राचं चित्र काढून दाखवलं आणि अनिरुद्धाच्या चित्रापाशी उषा थबकली, ही गोष्ट ठाऊक असेलच. तिथे अक्षरांचा काही संबंध नाही. तुलसीदासांच्या 'चित्रलिखित'मध्येही तोच अर्थ आहे. अक्षरं या क्रियापदाच्या वाट्याला नंतर आली आणि प्रमाण मराठीत त्यांनी सगळी जागा अडवली. चित्रासाठी मग 'काढणे', 'रंगवणे', 'रेखाटणे' उरलं. बिहारमधल्या मिथिलेत लग्नघरातलं कोहबर, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीतलं भित्तिचित्र, आजही लिहिलंच जातं. तेव्हा आजींचं क्रियापद अशुद्ध तर नाहीच, उलट तुमच्या-माझ्या मराठीने जो अर्थ टाकून दिला तो त्यांच्याकडे शाबूत आहे.

यावर एक गोड स्पष्टीकरण प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत हमखास सापडतं: वारल्यांना लिपी नव्हती, म्हणून चित्र हीच त्यांची लिपी, म्हणून ते 'लिहितात'. ऐकायला छान आहे, पण त्याची गरज नाही. मिथिलेच्या घरांत पोथ्या होत्या, तरी भिंत लिहिलीच जायची. शब्दाच्या वयाने जे उलगडतं त्यासाठी कुणाच्या निरक्षरतेची कथा रचू नये.

मात्र भिंतीवरचं 'वाचणं' खरोखर घडतं अशीही एक जागा आहे. गुजरातेत छोटा उदेपूरकडचे राठवा आदिवासी नवस फेडताना घराच्या भिंतीवर पिठोरा, म्हणजे देवांचं चित्र, लिहवून घेतात. लिहिणाऱ्याला 'लखारा' म्हणतात. काम पुरं झालं की बडवो, म्हणजे त्यांचा भगत, अंगात आलेल्या अवस्थेत भिंतीवरच्या आकृती ओळखत जातो आणि देव सगळे आलेत का, राहिलं काय, ते सांगतो. तिथे लिहिण्याच्या जोडीला वाचणंही आहे. वारली चौकाला तो नियम सरसकट लावू नका, एवढंच.

चौक म्हणजे नेमकं काय, हे तळटीपेत द्याच, नाहीतर शहरी वाचकाला चार रस्ते दिसतील. गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून सवाशिणी एक चौरस लिहितात. काडीचं टोक चावून मऊ केलेलं असतं. चौरसाच्या कडा नक्षीने भरतात, आत पालघट देवी, आणि आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी. हे झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

आता धवलेरी. 'पुरोहित स्त्री' लिहिल्यावर डोळ्यांपुढे पोथी आणि पळी-पंचपात्र येतं. धवलेरीचं काम गाण्याने चालतं, लग्नाचे विधी तीच गाऊन पार पाडते. शब्दातच 'धवळा' आहे, म्हणजे लग्नातलं मंगलगीत. तेराव्या शतकात रिद्धपूरला महदंबेने जे रचले ते 'धवळे'च, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. ज्या मराठीची आद्य कवयित्री धवळे गाते, त्या मराठीच्या मुद्रितशोधकाला धवलेरी परकी वाटावी याची मला गंमत वाटते. आगरी-कोळ्यांच्या हळदी पाहिल्या असतील तर तिथली 'धवलारीण' हीच. गुजरातीतलं 'धोळ' हे गाणंही याच घराण्यातलं.

मग 'काढला' कुठेच नको का? हवं की. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात कागद घेऊन आले आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेर, रोजच्या रोज चित्रं करायला घेतली. पुढे 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती कागदावरची कामं आपण बाहेरचे 'वारली पेंटिंग' म्हणून ओळखतो. त्यांच्याबद्दल 'चित्र काढलं' म्हणायला काहीच हरकत नाही. लग्नाचा चौक बायकांनी लिहायचा; कागदावरच्या चित्रांत पुरुष पुढे आले. आजींच्या बोलण्यात दोन्ही क्रियापदं येत असतील तर ती कुठे कुठे येतात ते ध्वनिफितीवर तपासा. सगळीकडे एकच क्रियापद केलंत तर चौक आणि चित्र यांतला फरक छापील पानावरून पुसला जाईल.

तळटीप अशी चालेल: 'चौक – लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी लिहितात तो चौरस. धवलेरी – धवळे गाऊन लग्न लावणारी.' आणि मजकुरात 'लिहिला'पुढे कंसात 'काढला' घालू नका. पुढचं वाक्य वाचलं की कुणालाही कळतंय.